तुळसाच्या परसातली कोबी

तुळसा म्हणजे जिवाला घोर लावून घेणारी बाई, असं मिठबावच्या खालच्या वाडीत सगळेच म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं, पण तिच्यावर बेतलं होतं तेवढं बोलणाऱ्यांवर बेतलं नव्हतं. नवरा लवू मालवाहू बोटीवर खलाशी. बोट आफ्रिकेच्या वाटेला लागली की सहा-सहा महिने माणसाची खबर नसे. त्यांचा पहिला मुलगा तीन वर्षांचा होऊन हिवतापाने गेला, तेव्हा लवू असाच कुठेतरी दर्यावर होता. त्याला कळलं तोवर बारावं-तेरावं सगळं उरकून गेलं होतं. मागे राहिली एक विमला, ती जामसंड्याला मावशीकडे राहून शाळेत जायची. तेव्हापासून घरात कोणी नुसतं खोकलं तरी तुळसा उठून कपाळाला हात लावून बघायची.

अठ्ठावन्न साली चतुर्थी झाली, आगबोटी सुरू झाल्या आणि लवू न सांगता घरी आला. देवगडच्या बंदरातून बैलगाडीने आलेला माणूस अंगणात उतरला, तर तुळसाने त्याला आधी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबणारा.

"काय झाला ओ तुमका?"

"आतड्याक जखम आसा म्हणतत," लवू ओटीवर टेकत म्हणाला. "पाणी दी आधी."

मुंबईच्या इस्पितळात तो दोन महिने पडून होता. मोठे डॉक्टर ऑपरेशनचं बोलले, पण अंगात रक्तच उरलं नव्हतं, म्हणून थांबले. तिथल्या एका तरुण डॉक्टराने दुधा-भाताच्या जोडीला त्याला रोज कच्च्या कोबीचा रस द्यायला सांगितलं. काही रोग्यांना बरं वाटतं, म्हणाला. लवूचं दुखणं हटलंही. रसाने हटलं, दुधाने हटलं की नुसतं पडून राहिल्याने, ते त्या डॉक्टरालाही छातीवर हात ठेवून सांगता आलं नाही. घरी जाताना मात्र त्याने बजावलं होतं, की रस चालू ठेवा, पण पाला स्वच्छ बघून घ्या. हल्ली मळ्यांत किडीवर विषारी भुकटी मारतात आणि हे तर कच्चंच पोटात जायचं.

मिठबावात कोबी कोण पिकवणार? परसात वाल, वांगी, मुळा, लाल माठ. कोबी ही घाटावरची भाजी. फोंड्याचा घाट उतरून ट्रकातून जामसंड्याच्या बाजारात यायची, तीही कधी आली तर. तुळसा तिथवर चालत गेली आणि दोन गड्डे घेऊन आली. चिरायला बसली तर पानांच्या घडीत पांढरं काहीतरी दिसलं. चुना होता, धूळ होती की तीच ती भुकटी, देव जाणे. तिने पान न् पान विहिरीच्या पाण्याने चोळून धुतलं. वाटणाच्या पाट्यात मिरची मुरलेली, म्हणून लाकडी उखळीत पाला कुटला, धुवट फडक्यातून पिळला आणि पेलाभर रस लवूला दिला.

संध्याकाळी लवू पोट धरून गडबडा लोळला. उलटी झाली, अंगाला दरदरून घाम सुटला. तुळसा त्याची पाठ चोळत राहिली.

शेजारची आनंदीबाई धावून आली. ती साठीची विधवा, तोंडाने फटकळ, पण हाक मारायच्या आधी येणारी. "दुपारी आंबट ताक घेतल्यानी मा? तां बाधला आसतला," ती म्हणाली.

"ताक नाय," तुळसा म्हणाली. "माझ्या हातान मी तेंका विष पाजलंय."

लवू दोन दिवसांनी सावरला, पण तुळसाच्या मनातली अढी गेली नाही. बाजारची कोबी नको आणि कोबीशिवाय चालायचं नाही, असा पेच पडला. तिसऱ्या दिवशी ती उठून म्हणाली, "कोबी मी पिकवतलंय. परसात."

"पुळणीच्या रेतीत कोबी?" लवू कुशीवर वळला. "खूळ लागला काय गो तुका?"

गावाला तेव्हा चौगुले नावाचे ग्रामसेवक नवे आले होते. कोल्हापूरकडचा तरुण माणूस, सायकलवरून फिरायचा. तुळसा पंचायतीत जाऊन दाराशी उभी राहिली आणि कचेरीत बोलायचं तसं जपून बोलली, "मला कोबीचं बी पाहिजे."

"इथं, बाई? समुद्राच्या कडेला?"

तिने सगळी हकिगत सांगितली. चौगुल्यांनी ऐकून घेतलं. नमुन्याच्या वाफ्यांसाठी आलेल्या बियाण्यातली एक पुडी तिच्या हातावर ठेवली आणि समजावून सांगितलं. रोप सावलीत करायचं. दिवाळी झाली की वाफ्यात लावायचं. जमिनीत कुजलेलं खत भरपूर हवं. खारा वारा लागला की संपलं, म्हणून चारी बाजूंनी कूड हवा.

"आणि अळी पडणार," ते म्हणाले. "पडली की मला सांगा, पावडर देतो."

"पावडर नको."

"मग रोज हातानं वेचावी लागेल. एक सकाळ चुकली तरी पाल्याची चाळण होते. एवढं करून गड्डा धरेलच, असं मी सांगू शकत नाही. इकडं थंडी थोडी."

"चालेल," तुळसा म्हणाली. खरं तर काय चालेल आणि काय नाही, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

तुळसाचं माहेर आरोंद्याचं, खाडीच्या काठचं. तिथे भाजीच्या वाफ्यांना खत म्हणून सुक्या तारली मासळीचं कूट घालायची पद्धत होती. आईच्या वांग्यांना ते घातलं की पानं हाताएवढी व्हायची. तुळसाने आईची आठवण काढून रापण ओढणाऱ्या मच्छीमारांकडून टोपलीभर कूट आणलं आणि सढळ हाताने वाफ्यात मिसळलं. रोपं लावली. चार-पाच दिवसांत पानांच्या कडा करपायला लागल्या, मग देठ माना टाकू लागले. ती दिवसातून दहादा वाफ्याशी जायची. पाणी जास्त घालून बघितलं, कमी घालून बघितलं. शेवटी रस्त्यात चौगुल्यांची सायकल अडवून त्यांना परसात आणलं.

त्यांनी चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकली. "मीठ आहे, बाई. मासळी खारवलेली होती ना?"

तुळसाने मान डोलावली. आई कूट धुऊन घ्यायची, पाऊसभर खड्ड्यात कुजवायची, हे तिला तेव्हा आठवलं. बियांची पुडी अर्धीच उरली होती आणि मोसमातला महिना फुकट गेला होता. इकडे लवूचं दुखणं पुन्हा मूळ धरत होतं. जेवणानंतर दोन तासांनी पोटात विस्तव ठेवल्यासारखं व्हायचं. तो ओटीच्या खांबाला धरून ओणवा उभा राहायचा. तो असा उभा राहिला की तुळसाच्या हातातला घास तसाच राहायचा.

तिने पुन्हा मांडणी केली. जुना वाफा सोडून गोठ्याशेजारची, माडाखालची काळसर माती धरली. गोठ्यातलं जुनं शेणखत, विहिरीपाठच्या पालापाचोळ्याची कुजवण आणि चुलीतली चाळलेली राख तेवढी घातली. कुटाला हात लावला नाही. नवी रोपं लावली आणि माडाच्या चुडतांचा दाट कूड केला. मार्गशीर्ष लागला होता. उशीर झालाच होता, पण हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा ते बरं.

रोपं धरली. पुढे पांढरी फुलपाखरं आली. बघणाऱ्याला ती छान दिसत. तुळसा मात्र ती दिसली की पदराने हाकलायची, कारण पाठोपाठ पानांच्या खालच्या अंगाला बारीक हिरव्या अळ्या दिसायच्या. फटफटलं की ती करवंटीत राख घेऊन वाफ्यात ओणवी व्हायची. एकेक पान उलटं करायचं, अळी चिमटीत धरायची आणि राखेत टाकायची. कोंबड्या कुडाबाहेर वाट बघत असायच्या. दंव असेतो पानांवर राख भुरभुरायची. आनंदीबाईने करंजाची पेंड पाण्यात भिजवून शिंपडायला सांगितलं, तर तुळसाने तिलाच विचारलं, "तां पोटात गेला तर?" मग पेंडही राहिली.

पानं मोठी झाली, निळसर, जाड. पण पसरलेलीच. गड्डा धरायचं नाव नाही. संक्रांत गेली आणि दुपारचं ऊन चटके द्यायला लागलं.

"गो तुळसा," आनंदीबाई कुडावरून डोकावून म्हणाली, "ही कोबी काय अळू?"

एरवी तुळसा हसली असती. आज तिचे डोळे भरून आले, तशी आनंदीबाई आत आली आणि दुसऱ्या बाजूने अळ्या वेचायला बसली.

त्याच आठवड्यात वाडीत हिवतापाची फवारणी आली. खाकी कपड्यांतली चार माणसं, पाठीवर पंप आणि पुढे मुकादम. भांडीकुंडी, धान्य सगळं बाहेर काढायचं. मग भिंतींवर, आढ्यावर, गोठ्यात पांढरं औषध मारायचं आणि दारावर गेरूने तारीख घालायची. कोणी कुरकुरत, कोणी दाराला कडी लावून शेतात जात. तुळसाने मात्र आधीच्या फेरीला स्वतः उभं राहून कोपरान् कोपरा मारून घेतला होता. हिवतापाने तिचं पोर नेलं होतं, ती कशी नाही म्हणेल? पण आता गोठ्याची कुडाची भिंत आणि कोबीचा वाफा यांच्यात चार पावलांचं अंतर होतं. दुपार झालेली आणि वारा दर्यावरून थेट परसाकडे सुटलेला.

"घर मारा, गोठा मारा, मी नको म्हणत नाही," ती मुकादमाला म्हणाली. "पण गोठा उद्या सकाळी मारा. सकाळी वारा इकडून दर्याकडे जातो."

"बाई, आज वाडी संपवून उद्या आम्हाला मुणग्याला जायचंय."

"माझा माणूस आजारी आहे. ही कोबी त्याला कच्ची द्यायची आहे."

मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्याने वाफ्याकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं. "पुढची दोन घरं आधी उरकतो," तो म्हणाला. "तेवढ्यात काय झाकायचं ते झाका. त्यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही."

तुळसा घरात धावली. ट्रंकेतली होती नव्हती तेवढी लुगडी काढली. नेसायची, ठेवणीतली आणि लग्नातलं हिरवंसुद्धा. ती वाफ्यावर पसरायला गेली, तर वाऱ्याने एकेक उचलून माडावर नेऊन घातलं. एक टोक दाबावं तर दुसरं सुटायचं. आनंदीबाई एका कोपऱ्यावर दगड ठेवत होती, तो घरंगळत होता. शेजारच्या घरातून पंपाचा फुस-फुस आवाज ऐकू यायला लागला.

"अशी बांधलंस तर वारो फाडून टाकतलो," मागून आवाज आला.

लवू कुडाला धरून उभा होता. महिनाभर तो ओटीखाली उतरला नव्हता.

"तुमी उठू नकात! भितर जावा!"

"तां टोक माका दी."

वीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस. त्याने लुगडी वाफ्यावर पसरलीच नाहीत. पदराला पदर गाठीने जोडले, वरची कड एका माडापासून दुसऱ्या माडापर्यंत ताणली, खालची कड कुडाच्या मेढींना आवळली. शीड चढवावं तसा गोठा आणि वाफा यांच्यामध्ये लुगड्यांचा पडदा उभा राहिला. वारा भरला, कापड फुगलं, पण गाठ सुटली नाही. तुळसाने वरून चार घागरी पाणी ओतून ते चिंब केलं. घरातल्या गोधड्या भिजवून पाल्यावर टाकल्या. माणसं पंप घेऊन गोठ्यात शिरली. पांढरा फवारा कुडाच्या फटींतून बाहेर आला आणि लुगड्यांवर बसत गेला.

"गो बाये," आनंदीबाई पुटपुटली, "लग्नातला पण काढलंस."

फवारणीवाले पुढच्या घराकडे गेले. तुळसा वळून लवूला काहीतरी बोलणार, तोच तो खाली बसला. आधी तिला वाटलं, दमला. मग त्याने मान खाली घातली आणि उलटी केली. काळी, चहाच्या चोथ्यासारखी.

वाडीतल्या शिवाच्या बैलगाडीतून त्याला देवगडला नेताना सगळा रस्ता तुळसाने त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. लवूचे हातपाय गार पडत होते. कोबी वाचवायला निघाले आणि ज्याच्यासाठी ती लावली त्यालाच मारून बसले, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात चाकासारखा फिरत होता. गाडी हलली की ती ओरडायची, "शिवा, हळू रे!" आणि लगेच, "वायच बेगीन रे!" शिवाने दोन्ही ऐकलं.

देवगडच्या डॉक्टरांनी लवूला आठवडाभर ठेवून घेतलं. सुया झाल्या, थंड दूध झालं. "रक्तस्राव थांबलाय," ते म्हणाले. "पुन्हा झाला तर माझ्या हातात फारसं काही नाही." तुळसाने भीत भीत कोबीच्या रसाचं विचारलं. "वाचलंय मी, करून बघितलेलं नाही," ते म्हणाले. "दूध, मऊ भात आणि विश्रांती सोडू नका. त्यावर रस द्यायचा तर द्या. पण पाला स्वच्छ हवा."

परत आल्यावर लवूला ओटीवर निजवून ती परसात गेली. आनंदीबाईने रोज अळ्या वेचल्या होत्या, पण तिची नजर अधू. तिसरा हिस्सा रोपांची जाळी झाली होती. तुळसाने उरलेल्या पाल्यात हात घातला. आतली पानं मिटली होती. हाताला काहीतरी घट्ट, गार, मुठीएवढं लागलं. ती दुसऱ्या रोपाकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. गड्डा धरला होता.

आनंद व्हावा, तर नवीच धास्ती पोटात शिरली. पडद्यातून काही आलं असेल तर? गोठ्याकडच्या ओळीतल्या बाहेरच्या पानांवर तिला फिकट ठिपके दिसले. ते औषधाचे की राखेचे, कळायला मार्ग नव्हता. तिने ती अख्खी ओळ उपटून लांब नेऊन पुरली. बाकीचे गड्डे भरले, तेव्हा पहिला काढून उखळीत कुटला, रस पिळला आणि पेला स्वतःच्या तोंडाला लावला. मग ओटीच्या कडेला बसून राहिली. दुपारी तिच्या पोटात खरंच कळ आली. विषाची की भीतीची? तिने कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी कळ गेली.

"आज जेवूक नाय तू?" लवूने विचारलं.

"भूक नाय माका."

दुसऱ्या दिवशी तिला काही झालं नाही, तेव्हा तिने लवूला अर्धा पेला दिला. तो एका दमात प्याला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "मुंबयचो रस ह्येच्यापरास गोड होतो." तुळसाला ते हसण्यावारी नेता आलं नाही. रात्री ती त्याच्या श्वासाकडे कान लावून पडली. नवा गड्डा कापला की आधी आपण प्यायचं, एक दिवस जाऊ द्यायचा, मग त्याला द्यायचं, असा क्रम तिने शेवटच्या गड्ड्यापर्यंत चालवला.

फाल्गुन सरता सरता लवू खांबाला धरून उभा राहायचा बंद झाला. पाडव्याला त्याने स्वतः गुढी उभारली. चैत्रात कोबी संपली. दुखणं आता परत येणार म्हणून तुळसा रोज त्याचा चेहरा बघायची, पण तो पावसाळा सुखाचा गेला. चौगुले एकदा येऊन वाफा बघून गेले. "मोठ्या मळ्यात हातानं कोण वेचणार?" ते म्हणाले. "तिथं मी पावडरच सांगेन. पण परसात असं होतं, हे मी इथं बघितलं." पुढच्या दिवाळीला त्यांनी न मागता पुडी आणून दिली.

कोबीने लवू बरा झाला, असं मात्र म्हणता येणार नाही. एकसष्ट साली दुखणं उलटलं आणि त्याला मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. पण तोवर त्याच्या अंगात रक्त भरलं होतं, ऑपरेशन सोसायची ताकद आली होती. बोटीवर तो पुन्हा गेला नाही. गावातल्या होड्यांची शिडं शिवायचं, जाळी दुरुस्त करायचं काम त्याने धरलं. तुळसाची कोबी दर हिवाळ्याला होतच राहिली. कधी चांगली, कधी अळीने खाल्लेली. एका वर्षी तर ऐन माघात वादळी वाऱ्याने अख्खा कूडच नेला. वाडीतल्या तीन-चार घरांनी तिच्याकडून रोपं नेली. त्यांना ती पहिली गोष्ट सांगायची ती मिठाची.

सहासष्ट साली विमलाचं लग्न निघालं. तिथी माघातली, म्हणून पंगतीला परसातलीच कोबी शिजली. आचाऱ्याने तिच्यात मटार, ओलं खोबरं आणि हिरव्या मिरच्या घातल्या होत्या. तुळसा व्याह्यांच्या मानापानात गुंतली होती. नजर वळली, तर लवू पंगतीत बसून तीच भाजी दुसऱ्यांदा वाढून घेत होता. तिने हातातलं ताट तसंच ठेवलं आणि त्याच्यामागे जाऊन वाकली.

"मिरची आसा तेच्यात," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"ठावक आसा."

"दुखता काय ओ?"

"नाय गो. तू जेव आधी."

ती जेवली नाही. मांडवात वरात निघायची घाई चालली होती, विमला रडत होती, तिला जवळ घ्यायचं होतं. तुळसाने लेकीला पोटाशी धरलं, तिचे डोळे पुसले आणि तिच्या खांद्यावरून ती लवूकडे बघत राहिली. तो हात धुऊन व्याह्यांबरोबर पान लावत उभा होता, ताठ, खांबापासून लांब.

विमलाची गाडी वळणाआड गेली, तेव्हा कुठे तुळसा उरलेल्या पंगतीत पान मांडून बसली.